चोथा

जागृतीने दोन पांढऱ्या पुडी काचेच्या चंबूत ओतल्या आणि चंबू विजेच्या शेगडीवर ठेवला. पाण्याचा थेंबही घातला नाही. गजराबाई शेजारी उभी राहून पाहत होती. म्हसावदहून केळीची खोडं घेऊन ती शहाद्याच्या कॉलेजात आली होती. घड उतरल्यावर खोडं बांधावर कुजायचीच, ती या मॅडमना हवी होती. टेम्पो परत निघायला अवकाश होता म्हणून ती प्रयोगशाळेत थांबली. थोड्या वेळाने पुडींच्या कडा ओलावल्या आणि बघता बघता चंबूत निवळशंख द्रव हिंदकळायला लागला.

“पानी कोठून उनं, मॅडम? दोन्ही तं कोरडं व्हतं.”

जागृती हसली. एक पूड युरियाची, दुसरी कोलीन क्लोराईडची, कोंबड्यांच्या खुराकात घालतात ती. एकत्र तापल्या की दोघी आपापली घट्ट पकड सोडतात आणि पातळ होतात. त्यात केळीचा धागा शिजवला, धुतला आणि वाटला, की तो केसाहून हजारपट बारीक तंतूंत उकलतो आणि त्याची खळीसारखी जेली होते. तिच्यापासून प्लास्टिकसारखा, पण मातीत विरणारा कागद करता येईल. तेजाब लागत नाही, विषारी काही वापरावं लागत नाही. एवढं सांगून तिने फळीवरच्या बाटल्या दाखवल्या. सगळ्यांत वर पाणी, तळाशी गाळ. जेली एक दिवसही टिकत नव्हती. पुढच्या गुरुवारी विद्यापीठातले सर येणार होते. हे असंच राहिलं तर काम बंद होणार होतं.

गजराबाईच्या डोक्यात मात्र ते पाणीच बसलं. तिचा मुलगा नवनीत कोंबड्या पाळायचा. घरी गेल्यावर तिने खुराकात घालायच्या पुडीची थैली पुढे ओढली आणि अक्षराला अक्षर जुळवत वाचलं. तेच नाव होतं.

शनिवारी दुपारी घरात कुणी नसताना तिने परसात चूल पेटवली. जुन्या पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात ॲल्युमिनियमचा डबा सोडला आणि डब्यात ती पूड आणि शेतातला युरिया टाकला. माशांसारखा वास सुटला. पातळ झालं, पण निवळ नाही. तपकिरी, वर भुसा तरंगणारं. तिने ते फडक्यातून गाळलं. फडक्यातला चोथा बोटांना विचित्र मऊ लागला. टाकण्याआधी बघावं तरी, म्हणून तिने तो पुन्हा पुन्हा धुतला आणि मिक्सर गरम होईपर्यंत वाटला. ते भांडं सून काजलने नंतर स्वयंपाकघरात घेतलं नाही.

बुधवारी ती एसटीने शहाद्याला आली. पिशवीत दोन बरण्या होत्या. पातळ द्रवाची तिने पुढे केली.

“मी घरमा करी दखं, मॅडम. पन मन्हं पानी बिघडी गयं. असं तपकिरी का व्हयनं?”

खुराकाची पूड शुद्ध नसते, तिच्यात दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांचा भुसा मिसळलेला असतो, असं जागृती समजावू लागली. बोलता बोलता तिची नजर पिशवीत गेली.

“आणि हे काय, मावशी?”

“हाऊ तं चोथा शे. फेकाना व्हता.”

जागृतीने ती बरणी उजेडाकडे धरली. तिरकी केली. मग झाकण काढून हळूच उलटी केली. आतलं काहीच हललं नाही. पाण्याची रेघसुद्धा सुटलेली नव्हती. केलं कधी, तिने विचारलं. शनिवारी, गजराबाई म्हणाली.

टेबलावर उद्याचा अहवाल उघडा होता. पानापानावर केळी होती. जागृतीने तो बाजूला सरकवला आणि वही ओढली. पूड किती, तापवलं किती वेळ, धुतलं कितीदा, ती विचारत गेली. गजराबाई वाट्यांच्या आणि डाळ शिजण्याच्या मापाने सांगत गेली. एका ठिकाणी अडली. मिक्सर पाचदा फिरवला की सहादा, आठवेना. आता मॅडम वही मिटतील, असं तिला वाटलं.

जागृती उठली. अंगातला पांढरा ॲप्रन काढून तिने गजराबाईसमोर धरला. पहिल्यांदाच ती गजराबाईच्या अहिराणीत बोलली.

“आते तुम्ही करा, मावशी. मी दखस.”

गजराबाईने ॲप्रनकडे पाहिलं. मग फळीवरच्या पांढऱ्याशुभ्र पुडींच्या बाटल्या जवळ जाऊन न्याहाळल्या आणि मान हलवली.

“हाई पूड नई. मन्हीवाली घर शे.”

म्हसावदची गाडी किती वाजता आहे, हे विचारत जागृतीने पायात चपला सरकवल्या.