वारा येणारी भिंत

शिंदखेड्याजवळच्या त्या गावात रूही तिसऱ्यांदा आली, तेव्हा तिच्या पिशवीत गोधड्या शिवणाऱ्या बायकांच्या कार्यशाळेचा तिसरा नकाशा होता. आधीचे दोन्ही बायकांनी नाकारले होते. धुळ्यात आर्किटेक्ट म्हणून तिचं हे पहिलंच स्वतंत्र काम, आणि गटाच्या प्रमुख सुगंधाबाई दर वेळी नकाशावर बोट ठेवून एवढंच म्हणायच्या, "आठे जीव कोंडाई जाई, माय."

बायका शिवायला बसायच्या त्या समाजमंदिराला आज भरदुपारी कुलूप होतं. पारावरच्या म्हाताऱ्यानं गावाबाहेर बोट दाखवलं. "बठ्ठ्या भितकडे जायेल शेतस." सगळ्याजणी भिंतीकडे गेल्या होत्या.

ती भिंत कुणी बांधलेली नव्हती. जमिनीतून वर आलेला काळा पाषाण शेतांमधून दूरवर सरळ गेला होता. आडवे दगड एकावर एक रचल्यासारखे, मधे वीतभर फटी. सावलीत अकरा बायका गोधड्या पसरून बसल्या होत्या.

रूही त्यांच्यात जाऊन टेकून बसली. पाठीला गारवा लागला. फटींतून झुळूक येत होती, उजेडही येत होता, पण डोळ्यांवर ऊन नव्हतं. पुढे आलेल्या दगडांवर कुणी कात्री ठेवली होती, कुणी दोऱ्याची रिळं. रूहीनं पिशवीतून टेप काढला आणि शेजारच्या बाईला म्हणाली,

"अक्का, टेपचं हे टोक धरता का?"

मग तासभर मोजामोजी चालली. फटीची रुंदी, दगडाची उंची, बसल्यावर खांदा कुठे येतो ते. तिसरा नकाशा उलटा करून तिनं सगळे आकडे मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिले.

घरी तो कागद तिनं अब्बांपुढे ठेवला. नासीर मिस्त्री तीस वर्षं गवंडीकाम करत होते.

"फटी ठेवून भिंत? लोक म्हणतील, मिस्त्रीला सिमेंट पुरलं नाही."

"एकदा तिथं येऊन बसा, अब्बा."

ते आले, टेकून बसले. मग फटीत हात घालून म्हणाले, "एकात एक कसा अडकलाय बघ. जमेल आपल्याला."

शेतांच्या बांधांवर पडलेले दगड गावानं ट्रॅक्टरनं आणून दिले. कार्यशाळेच्या भिंतीचा पहिला तुकडा उभा राहिला त्या दिवशी सुगंधाबाई सुईदोरा घेऊन आल्या आणि टेकून बसल्या.

"हाऊ दगड दोन बोटं वर घ्या, मिस्त्रीभाऊ. कंबरले लागस."

आपला रचलेला दगड अब्बांनी आजवर एकाही इंजिनिअरला हलवू दिला नव्हता. नासीरनी मुकाट्यानं तीन थर उतरवले, दगड वर घेतला आणि विचारलं, "आता?"

सुगंधाबाई पुन्हा टेकून शिवायला लागल्या होत्या. त्यांच्या शेजारी बाकीच्या दहा जणी आपापली जागा बसून बघायला रांगेत उभ्या होत्या.