फोटोच्या मागची एकोणीस नावं

बाळकृष्ण घोसाळकर गेले तेव्हा युनियनमधून कोणी आलं नाही. तेराव्यानंतर चारच दिवसांनी मात्र फोन आला. युनियनला पन्नास वर्षं होतायत, प्रदर्शन भरवायचंय, संपाचे फोटो तुमच्याकडेच असणार. त्यांच्या मुलीनं, मोहनानं, वासणा भागातल्या फ्लॅटमधल्या माळ्यावरून पत्र्याचे तीन डबे उतरवले आणि रिक्षात घालून स्वतः पोचवले. बाबांचं काम भिंतीवर लागेल, खाली त्यांचं नाव येईल, एवढंच तिला हवं होतं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी ती बघायला गेली. हॉलच्या चारी भिंती भरल्या होत्या. सावली रोडवरच्या काच कारखान्याचं बंद गेट, गेटसमोर उन्हात मांडी घालून बसलेली माणसं, डब्यातल्या भाकऱ्या वाटणाऱ्या बायका. प्रत्येक फोटोखाली एकच छापील पट्टी : ‘सौजन्य – युनियन संग्रह’.

सुभानराव खुर्चीत बसून हार किती मागवायचे ते कुणाला तरी सांगत होते. संपाच्या वेळी ते सेक्रेटरी होते. आता ब्याऐंशीचे झाले तरी हॉलमधला शेवटचा शब्द त्यांचाच.

“बस बेटा. चहा घेणार?”

“काका, बाबांचं नाव राहिलंय.”

“राहिलं नाही. घातलं नाही.” त्यांनी आवाज खाली आणला. “घरी कधी बोलला नसेल तो. हा बघ, एकोणऐंशीचा, गेट मीटिंगचा फोटो. ह्याची एक प्रत मॅनेजमेंटच्या हातात गेली. मागे एकोणीस जणांची नावं, टोकन नंबरासकट. आठवड्याच्या आत एकोणीसही जण नोकरी जाऊन घरी बसले. फोटो तुझ्या बाबांचा, अक्षर तुझ्या बाबांचं. लोक काय समजणार?”

“आणि तुम्ही काय समजलात?”

“लोक समजले ते,” सुभानराव म्हणाले आणि हारांकडे वळले.

घरी परतताना मोहनाला एकेक गोष्ट आठवत गेली. बाबा कारखान्याच्या टाइम ऑफिसात हजेरी घ्यायचे. नंबराशिवाय माणसाचं नाव त्यांच्या हातून उतरतच नसे; तिच्या शाळेच्या ग्रुपफोटोमागेही त्यांनी तिचा हजेरी क्रमांक घातला होता. फोटोत चेहरा राहतो, नाव उडून जातं, म्हणून लिहून ठेवावं, असं म्हणायचे. पण त्यांनी स्वतः काढलेला तिचा एकही फोटो घरात नव्हता. ती तीन वर्षांची असताना कॅमेरा कपाटात गेला तो गेलाच. आणि पूर्वी कारखान्यात असलेल्या नंदूकाकांची शेव-उसळीची गाडी दिसली की बाबा रस्ता ओलांडून पलीकडून चालायला लागत. पलीकडे ऊन असलं तरी.

कपाटात कॅमेऱ्याच्या खाली एक लांबट वही होती. कुठली प्रत कोणी, कशासाठी नेली ते त्यात लिहिलेलं, आणि पुढे नेणाऱ्याची सही. सहीशिवाय बाबा फोटो हातातून सोडत नसत. आई म्हणायची, मंगळसूत्र घालतानाही माझी पोच घ्यायचे बाकी होते. मोहनानं बोट फिरवत ओळ शोधली. क्रमांक एकशे बारा, गेट मीटिंग. प्रती दोन. एक घरी. एक सुभानरावांनी मॅनेजमेंटशी बोलणी करायला नेली. पुढे ऐसपैस, फराटेदार सही.

बाबांनी ही वही शेहेचाळीस वर्षं जपली होती आणि एकदाही कोणापुढे उघडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पाहुणे यायच्या आधी तिनं ती सुभानरावांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी स्वतःच्या सहीवरून अंगठा फिरवला.

“टेबलावर मीच ठेवला होता,” ते म्हणाले. “आमच्यामागे माणसं किती आहेत ते दाखवायला. मॅनेजरनं उलटा करून पाहिला. मागे काय आहे ते मी बघितलंच नव्हतं ग.”

“मग तसं सांगायचं.”

“भर संपात सेक्रेटरीची चूक सांगितली असती, तर दुसऱ्या दिवशी युनियन फुटली असती. बाळकृष्ण गप्प बसला. मला वाटलं, त्याला पटलंय.”

“विचारलंत त्यांना?”

सुभानरावांनी वही मिटली. “नाव घालतो. प्रत्येक फोटोखाली, ठळक. आत्ता छापून आणायला सांगतो.”

ती आली होती ती ह्यासाठीच. पण त्या एकोणीस घरांतलं कोणी हे नाव वाचेल तेव्हा काय म्हणेल, ते तिला आता ठाऊक होतं.

“नुसतं नाव नको. वहीतली ही ओळ माइकवरून वाचा.”

“या वयात?”

“त्यांचं वय संपलं, काका.”

मोहनानं एकशे बारा नंबरचा फोटो भिंतीवरून काढला आणि उलटा करून, नावांची बाजू समोर ठेवून, परत टांगला. खाली स्टूल ओढून त्यावर वही उघडी ठेवली.

“पाहुणे येतील. सरळ कर तो,” सुभानराव म्हणाले, पण उठले नाहीत.

नंदूकाका लवकर आले. फोटो बघत बघत ते उलट्या फोटोपाशी थांबले.

“चारशे सतरा. हा मी,” ते म्हणाले. मग त्यांची नजर वहीवर गेली. बोट ठेवून त्यांनी ओळ वाचली, पुन्हा पहिल्यापासून वाचली. सही त्यांच्या ओळखीची होती. मेंबरशिपच्या कार्डावर तीच असायची.

“बाबा गेले त्या दिवशी निरोप मिळाला होता मला, बेन,” ते वहीकडे बघतच म्हणाले. “मुद्दाम गाडी लावली. शेव-उसळ विकत बसलो.”

तुमची काय चूक, असं म्हणायला हवं होतं. मोहनाच्या तोंडून ते निघालं नाही.

“खांद्याला चौथा माणूस नव्हता,” ती म्हणाली. “शववाहिनीच्या ड्रायव्हरनं खांदा दिला.”

मागे टाळ्या झाल्या. हार गळ्यात पडला तसे सुभानराव माइकसमोर उभे राहिले, घसा साफ केला आणि पन्नास वर्षांच्या एकजुटीबद्दल बोलू लागले. वहीतल्या ओळीवरचं नंदूकाकांचं बोट अजून तिथेच होतं.