खोडलेल्या अर्थांचा शब्दकोश

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. धडगावच्या मुलींच्या वसतिगृहात लोखंडी कपाटाच्या मधल्या कप्प्यात मी राहतो. जीपमधून घाट चढून इथे आलो, तेव्हा मला हार घातला होता. "यात चाळीस हजार शब्द आहेत," असे पाहुण्यांनी सांगितले आणि मुलींनी टाळ्या वाजवल्या. मग कपाटाला कुलूप लागले. पुढची सात वर्षे मला कुणी उघडले नाही. मुली गाईडमधली उत्तरे मोठ्याने पाठ करायच्या, तेवढीच माझ्या कानावर पडायची.

मग नववीत जागृती आली. डोंगरातल्या पाड्यावरची मुलगी. घरी पावरी बोलायची, मराठी शाळेत शिकलेली. तिला नर्स व्हायचे होते. धड्यातल्या इंग्रजीवर आपले भागणार नाही, हे तिने ओळखले होते. अधीक्षिका यामिनी मॅडमकडून तिने किल्ली मागून घेतली आणि रोज पाच नवे शब्द शिकायचे ठरवले.

पहिल्याच आठवड्यात ती अडली. 'रिलक्टंट' या शब्दापुढे माझ्यात 'अनिच्छुक' असे छापले आहे. तिला 'अनिच्छुक'ही कळेना. मला फार ओशाळल्यासारखे झाले. मला उचलून ती स्वयंपाकघरात गेली. तिथे कोरीट गावच्या, अहिराणी बोलणाऱ्या भिकुबाई भाकरी थापत होत्या.

"मावशी, अनिच्छुक म्हणजे काय?"

"मन नही ऱ्हास, तरी जानं पडस. तसं शे ते," भिकुबाई म्हणाल्या. "तुन्हा बाप ऊस तोडाले गुजरातमा जास ना, तसं."

जागृतीने माझ्या समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिले, 'मन नसताना जावे लागते तो'. खाली पावरीतला शब्दही लिहिला. माझ्या अंगावर कुणीतरी लिहिलेले ते पहिले अक्षर.

दीड वर्षात माझे समास भरत गेले. कुठे मराठी, कुठे अहिराणी, कुठे पावरी. तेवढे दिवस मला एकटे वाटले नाही.

दहावीच्या सहामाहीनंतर कपाटाची तपासणी झाली. यामिनी मॅडमनी मला उघडले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"वसतिगृहाच्या पुस्तकात लिहितेस? वर मी काय उत्तर देऊ? सगळं खोडून काढ!"

दोन दिवस जागृती खोडरबर घेऊन व्हरांड्यात बसली. मुली येता-जाता बघत होत्या. खोडण्याआधी ती प्रत्येक अर्थ ओठांतल्या ओठांत म्हणत होती. तिला सगळे पाठ होते. रबराचा कचरा फुंकताना मात्र तिचे डोळे भरून यायचे. काही ठिकाणी माझा कागद पातळ झाला, एका पानाला भोक पडले. पण मला दुखले ते वेगळेच. ते अर्थ तिच्यासोबत जाणार होते आणि मी मागे राहणार होतो.

तसेच झाले. दहावी होऊन ती गेली. नंतर मुलींच्या हाती मोबाइल आले आणि माझी गरज कुणाला उरली नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत वसतिगृह रिकामे झाले, की दोन-दोन महिने माणसाचा आवाजही येत नसे. पाने पिवळी पडली. कसर लागली.

गेल्या महिन्यात बातमी आली, जागृती नर्स झाली. ती ऐकून यामिनी मॅडम कपाटापाशी आल्या. मला टेबलावर घेऊन त्यांनी चष्मा लावला. पातळ झालेल्या जागांवरून त्या बराच वेळ बोट फिरवत राहिल्या. मग त्यांनी फोन लावला.

"जागृती, मी यामिनी मॅडम. चुकलंच गं माझं तेव्हा. तू शब्दकोशात लिहिलं होतंस, ते मला परत सांगशील?"

पलीकडून आवाज आला, "कुठल्या पानापासून, मॅडम?"

त्या दिवशी अकरा अर्थ परत आले. मॅडमचे अक्षर मोठे आहे, पावरी लिहिताना त्या चुकतात आणि पुन्हा विचारतात. बाकीचे अर्थ अजून यायचे आहेत. मधले दिवस फार लांब वाटतात.

मित्रांनो, तुमच्याकडे माझा एखादा भाऊबंद असेल, तर त्याला नुसता झाकून ठेवू नका. एखादा अवघड शब्द उमगला, की तो आपल्या घरच्या बोलीत त्याच्या कडेला लिहून ठेवा. आम्हाला तेवढीच सोबत होते.