एकशे बारा नंबरची काच

सव्वीस वर्षं मी हेच करतेय. मेणात बसवलेला गाठीचा तुकडा केसाहून पातळ कापायचा, काचेवर चिकटवायचा, रंगवायचा आणि मोजायचा. हॉस्पिटलात मला सगळे काचवाली म्हणतात. म्हणू देत. पाठ धरलीय, डोळे चुरचुरतात, पण माझी मोजणी चुकते असं म्हणायची कुणाची हिंमत नाही.

म्हणूनच मॅडम "हे पुन्हा मोजा" म्हणाल्या तेव्हा माझं डोकंच फिरलं.

मॅडम तोंडाच्या कॅन्सरच्या डॉक्टर. सिगारेट ओढणाऱ्यांच्या आणि न ओढणाऱ्यांच्या गाठीत शरीराच्या राखणदार पेशी किती पोचल्यात, ते त्या मला मोजायला लावतात. रंगवल्यावर पेशी तपकिरी दिसली की ती राखणदार. काचेवर फक्त नंबर. पेशंटचे फॉर्म मीच भरते, पण नंबर मॅडम नंतर टाकतात; काच कुणाची, तो ओढतो की नाही, हे मला कळू देत नाहीत. कळलं की हात आपोआप हवं तेच मोजतो.

"एकशे बारा," मॅडम म्हणाल्या. "एरवी सांगत नाही, पण याच्या फॉर्मवर लिहिलंय, कधीच ओढली नाही. पण राखणदार सगळे कडेला खोळंबलेत, आत जेमतेम नऊ. ओढणाऱ्यांच्या काचांवर मला हे जास्त दिसतं. एका काचेवरून काही ठरत नाही म्हणा. पण आपलं औषध या राखणदारांनाच जागं करणार आहे, आणि सोमवारी याला ते सुरू करायचंय."

तीनदा मोजलं. नऊच. शेवटी चिडून मी मॅडमच्या कपाटातून एकशे बाराचा फॉर्म काढला. अक्षर माझंच होतं.

एकशे बारा म्हणजे माझा दादा.

फॉर्म भरला त्या दिवशी वहिनी त्याच्या शेजारीच बसली होती. "व्यसन?" मी विचारलं आणि दादाने टेबलाखालून माझा पाय दाबला. लग्नात त्याने तिला शब्द दिला होता, सिगारेटला हात लावणार नाही म्हणून. तो शब्द तीस वर्षं तो गच्चीवर आणि जिन्यात मोडत आला, हे फक्त मला ठाऊक. मी ठळक अक्षरात 'नाही' लिहिलं. दुसऱ्याच्या फॉर्मवर एक आकडा चुकला तर मी आकाशपाताळ एक करते, आणि इथे सख्ख्या भावासाठी खोटं लिहून मोकळी झाले! मग त्याला "सोड" म्हणणार तरी कोण? कागदावर तो निर्व्यसनी.

तो वरच्याच वॉर्डात होता. फोन केला, "खाली ये. एकटा ये."

आला. जिभेला फोड, त्यामुळे शब्द सांभाळून टाकतो. "काय गं, साहेबीण, एवढी कसली घाई?"

आमच्याकडे दोघांना एकदम बघता येईल असा मायक्रोस्कोप आहे. समोर त्याला बसवलं. भिंगात दिसणारा बाण फिरवत दाखवलं, "ही गाठ. हे तपकिरी राखणदार. बघ, दाराशीच थांबलेत."

"आळशी लेकाचे."

"आळशी नाहीत. धुराने त्यांचं बळ गेलंय, असं मॅडमना वाटतं."

तो बराच वेळ बघत राहिला. "यातलं माझं कुठलं?"

"सगळंच तुझं, दादा. गाठसुद्धा."

तो मागे सरकला. मला इतका राग आला होता की रडूच फुटलं. "औषध ह्यांच्याच जिवावर लढणार, आणि तू ह्यांचीच ताकद काढून घेतोस! आणि मी त्यावर पांघरूण घातलं, माझ्या हाताने!"

आमच्याकडे खाडाखोड चालत नाही. चुकलेला शब्द वाचता येईल अशी त्यावर एकच रेघ मारायची आणि बाजूला सही करायची. 'नाही'वर मी रेघ मारली, सही केली. "सांग आता."

"तुझ्या वहिनीला कळेल गं."

"कळू दे. भांडेल. भांडायला नवरा तरी उरेल तिला."

त्याने मान खाली घातली. "तीस वर्षं. दिवसाला दहा-बारा."

लिहिलं. पुढचा रकाना होता, शेवटची कधी ओढली.

"तुकडा काढायच्या आधीच ना?" मी विचारलं. मला तेवढं तरी ऐकायचं होतं.

तो माझ्याकडे बघेना.

"आत्ता," तो म्हणाला. "तुझा फोन आला ना, तेव्हा. जिन्यात."

मी घड्याळ बघितलं आणि वेळ लिहिली.