बारा रंगांचा पंधरवडा

त्या रंगांच्या दुकानात भिंतभर नमुन्यांची कार्डं होती, एकूण नऊशे साठ छटा, आणि मागे पडद्याआड थेंबमास्तर होते. मूळ नाव वेगळंच. पण पांढऱ्या डब्यात रंग कालवताना ते दर वेळी "अजून एक थेंब" म्हणत, त्यामुळे हे नाव चिकटलं ते सव्वीस वर्षं सुटलं नाही. गिऱ्हाइकाने पडद्याचा तुकडा आणो की भिंतीचा पोपडा, मास्तर डोळे बारीक करून बघत आणि तसाच्या तसा रंग करून देत.

मग मालकांनी दुकानात एक संशोधक आणली. मानसशास्त्र शिकलेली, तिशीतली मुलगी. माणसं खरेदी करताना कुठे अडखळतात, हा तिचा अभ्यास. तिचं म्हणणं सरळ होतं. नऊशे साठ छटा बघून माणूस भांबावतो, "घरी विचारून येतो" म्हणतो आणि जातो तो जातोच. बाराच ठेवा, घेऊन जाईल. दोन दिवसांत दुकानात तिचं नाव मनकवडी पडलं.

पंधरा दिवसांचा प्रयोग ठरला. कार्डांची भिंत कापडाने झाकली. समोर बारा नमुने, प्रत्येकाला क्रमांक. गिऱ्हाईक सांगेल त्या क्रमांकाचा डबा मास्तरांनी मागून आणून द्यायचा, बाकी कशाला हात लावायचा नाही. मनकवडी दाराजवळ स्टुलावर बसून आत आले किती आणि घेऊन गेले किती, त्यांच्या रेघा ओढणार. तिचा अहवाल पुढे रंगाच्या कंपनीकडे जायचा होता. तिथे तो पटला, तर कंपनीच्या शंभरेक दुकानांतून हाताने रंग कालवून देणं, म्हणजे कालवणी, बंद होणार होती. मालकांनी काही लपवलं नाही. मास्तरांना गोदामात घेऊ, उपाशी ठेवणार नाही, असं तोंडावर सांगून टाकलं.

पंधरवडा संपला. पूर्वी शंभरातली एकतीस माणसं रंग घेऊन जात, आता अठ्ठावन्न. मालकांनी आकडा दोनदा मोठ्याने वाचला. मास्तरांनी हातातलं फडकं घडी करून ठेवलं.

घरी जेवताना त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती शिवणकाम करणारी. मापात बसत नाही ते तिला चटकन दिसे. तिने एकच विचारलं, "अहो, पण बारा रंग लोकांना पुरले कसे?"

मास्तरांचा घास हातातच राहिला. पुरले नव्हतेच. पहिल्याच दिवशी एक गृहस्थ आला होता. त्याच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, तिला भगभगीत काही सोसत नव्हतं. त्याने सात नंबर दाखवला आणि म्हणाला, हाच जरा मवाळ असता तर बरं होतं. मास्तर पडद्याआड गेले, डबा उघडला, राखाडीचे तीन थेंब सोडले, झाकण ठोकलं. झाकणावर सातच होता. मग दुसऱ्याला थोडा पिवळा, तिसरीला कणभर काळा. जित्याची खोड. यात आपण काही मोडतोय, असं त्यांच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. माणूस समाधानाने गेला की डबा बरोबर, एवढंच त्यांना ठाऊक. आणि गेलेल्या प्रत्येक माणसाची रेघ बाहेर बारा नमुन्यांच्या नावावर पडत होती.

बायकोने ताट पुढे सारलं. "म्हणजे तुमची गरज नाही, हे तुम्हीच सिद्ध करून दिलंत."

गप्प बसावं तर गोदाम. बोलावं तर सव्वीस वर्षांनी हुकूम मोडणारा ठरावं. मास्तर त्या रात्री कुशीवर कुशी बदलत राहिले. आपलं एक वेळ ठीक, पण बाकीच्या शंभर दुकानांत पडद्याआड थेंब सोडणारं कुणी असणार नव्हतं.

सकाळी मनकवडी अहवालाचे कागद लावत असताना ते तिच्यासमोर उभे राहिले आणि जे केलं ते सांगून मोकळे झाले. ती रागावली नाही. तिने फक्त विचारलं, किती डबे? मास्तरांनी आतून एक फळी आणली. रंग कालवला की त्याचा एक ठिपका फळीवर लावायचा ही त्यांची जुनी सवय. गिऱ्हाईक दुसऱ्या डब्याला आलं तर तोच रंग सापडावा म्हणून. खाली बारीक अक्षरात क्रमांक. बारा ठिपके पुरायला हवे होते तिथे एकशे चौदा होते.

मनकवडीने फळी खिडकीपाशी धरली. "काका, हे एवढे सगळे सात?"

"सातच. म्हणजे साताच्या भाऊबंदांतले."

तिला हसू आलं, मग ती खाली बसली. "मी पंधरा दिवस घेणाऱ्याकडे बघत बसले," ती म्हणाली. "देणाऱ्याकडे बघितलंच नाही."

मालकांकडे तीच गेली आणि चूक आपल्या नावावर घेतली. तरीही मालकांनी मास्तरांना सुनावायचं ते सुनावलंच. हात दाखवून अवलक्षण, म्हणाले. प्रयोग पुन्हा करायचं ठरलं. या वेळी पडद्यामागच्या खोलीला कुलूप लावू, अशी त्यांची सूचना होती. मास्तर म्हणाले कुलूप नको, डबे दुसरं कुणीही आणून देईल, मला बाहेर बाईंच्या शेजारी स्टूल द्या.

तिथे बसून त्यांना सव्वीस वर्षांत न दिसलेलं दिसलं. एक नवं जोडपं आलं, चार नंबर घेतला आणि दोन मिनिटांत हसत निघून गेलं. मास्तरांनी त्यांना चौदा प्रश्न विचारून बेजार केलं असतं. हे त्यांना लागलं, पण खरं होतं. दुपारी एक बाई रुमालात भिंतीचा पोपडा घेऊन आल्या. नळ फुटल्यामुळे तेवढाच तुकडा रंगवायचा होता. त्यांनी पोपडा बाराही नमुन्यांना लावून पाहिला. मास्तरांचा हात गुडघ्यावरून उठला. त्यांनी तो मांडीखाली दाबला. बाईंनी पोपडा पुन्हा रुमालात बांधला आणि त्या गेल्या. मनकवडी पेन्सिल धरून थांबली होती. मास्तरांनी तिच्या हातून पेन्सिल घेतली आणि 'रिकाम्या हाताने' या रकान्यात रेघ स्वतः ओढली.

दुसऱ्या पंधरवड्याचा आकडा आला चव्वेचाळीस. एकतीसपेक्षा बराच जास्त, अठ्ठावन्नपेक्षा बराच कमी. बारा नमुने समोर राहिले, कार्डांची भिंत गेली. कालवणी राहिली, पण बाहेर, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर. बारांतून जमलं नाही, तर मास्तर. बाकीची शंभर दुकानं काय करतील ते कंपनीच्या हाती. मात्र अहवालात दोन्ही आकडे होते.

निघताना मनकवडीने पुरावा म्हणून फळी मागितली.

"फोटो काढून ने, बाळ," मास्तर म्हणाले. "ऑपरेशनवाल्या आजींची एक भिंत अजून बाकी आहे."