सासरेबुवांची चढाई

थँक्सगिव्हिंगच्या जेवणात सासऱ्या-जावयाची जुंपली, तेव्हापासून मेरिडिथच्या डोक्यात काहीतरी शिजत होतं. वडील दक्षिणेतल्या टेनेसीचे, नवरा उत्तरेतल्या व्हर्माँटचा आणि भांडण अमेरिकेच्या कधीच संपलेल्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धावरून. "ते राज्यांच्या हक्कांसाठी होतं," थर्मन पिकार्ड म्हणाले. "कसल्या हक्कांसाठी? गुलाम पाळायच्या?" ओवेनने विचारलं आणि भरल्या ताटांत टर्की थंड झाली.

मार्चमध्ये माहेरी येताच तिने फर्मान काढलं. दोघांनी एका गाडीत बसून हॅरो क्रीकची रणभूमी पाहून यायचं, म्हणजे मनं जुळतील. जिथे हजारोंनी एकमेकांचे मुडदे पाडले तिथे मनं जुळवायला पाठवायचं, ही अक्कल शाळेतल्या समुपदेशक बाईलाच सुचावी. मेरिडिथ तीच नोकरी करत होती.

"गाडी ओवेनच चालवेल," तिने बजावलं. मोतीबिंदूच्या कृपेने थर्मननी शेजाऱ्याची टपालपेटी दोनदा आडवी केली होती. आणखी एक खोडी झाली की किल्ल्या कायमच्या लेकीकडे, असं ठरलं होतं.

हॅरो क्रीकला सगळी लढाई गाडीतूनच पाहायची सोय आहे. रस्त्याकडेला पाट्या, पाटीपाशी थांबायचं, फोनमधली बाई काय ते सांगते, मग पुढची पाटी. हुतात्म्यांसाठी सीटबेल्टसुद्धा सोडावा लागत नाही.

"इथे दक्षिणेच्या फौजेने माघार घेतली," बाई म्हणाली.

"माघार नव्हे, डावपेच," थर्मन फोनवर खेकसले.

पुढच्या पाटीलाही डावपेच. त्याच्या पुढच्याही.

"असे डावपेच करत फौज पोचली कुठवर, सर?" ओवेनने साखर पेरत विचारलं.

"जावईबापू, तुमच्याकडे मेपलच्या झाडाला भोकं पाडून पाक काढतात. तुम्हाला काय कळणार त्यातलं?"

पुढच्या वळणावर थर्मन एकदम ताठ झाले. दूर टेकाडावर एक ओकचं झाड होतं. "तिथं माझे खापरपणजोबा उभे होते. एकटे! म्हणजे पलटण होती सोबत, पण ती धरू नकोस. किल्ली दे."

"सर, तिकडे रस्ता नाही. आणि मेरिडिथ म्हणाली होती की—"

"मेरिडिथ आहे का इथं?"

ओवेनने किल्ली दिली. त्याला डावपेच म्हणायची सोय नव्हती.

पिकअप गवतात घुसली आणि टेकाडाच्या निम्म्यावरही न पोचता मार्चच्या चिखलात बसली. थर्मननी गाडीचा जीव जाईस्तोवर अॅक्सिलरेटर दाबला. "इथे तोफांची चाकं रुतली," फोनमधल्या बाईने माहिती पुरवली. दोघं उतरून ढकलू लागले. ओवेन गळ्यापर्यंत माखला. थर्मननी मुख्यत्वे आज्ञा सोडल्या.

तेवढ्यात रणभूमीची रखवालदार बाई येऊन उभी राहिली. रुंद काठाची टोपी, चेहऱ्यावर दगडी पुतळ्याचा भाव. "गाडी कोण चालवत होतं?"

थर्मननी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. ओवेनला म्हाताऱ्याच्या किल्ल्यांची अट आठवली. बायको गेल्यापासून हा माणूस माळावर एकटा राहत होता. दुकान, चर्च, पत्त्यांचा अड्डा, सगळं गाडीच्या वाटेवर.

"मी," ओवेन म्हणाला.

मग बाईने त्याची जी खरडपट्टी काढली, ती सगळ्या लढाईपेक्षा चिवट होती. इथल्या मातीत कोणाकोणाची लेकरं झोपली आहेत, हे तिने ऐकवलं, दंडाची पावती फाडली आणि साखळी लावून गाडी ओढून काढली. थर्मन टोपी हातात धरून बाजूला उभे होते.

परतताना ओवेनच गाडी चालवत होता.

"दोष अंगावर घ्यायला मी सांगितलं नव्हतं तुला," थर्मन म्हणाले.

"नाही, सर."

"उत्तरेतल्या यांकीच्या उपकाराखाली आमच्या घराण्यात कोणी आलं नाही. खापरपणजोबा सोडून. त्यांना वर्षभर तुम्हीच जेवायला घातलंत. कैदेत. तेही भिकार."

"म्हणजे ते टेकाडावर पकडले गेले?"

"ओकामागं लपलेले सापडले." थर्मन खिडकीबाहेर बघत राहिले. "पोरसवदाच होता रे. मिसरूडसुद्धा फुटलं नव्हतं."

ओवेनच्या जिभेवर एक झकास टोमणा आला होता. त्याने तो गिळला.

घरी मेरिडिथ दारातच किंचाळली, "हे काय ध्यान?"

"तुझ्या नवऱ्यानं गाडी चिखलात घातली," थर्मन बूट काढत म्हणाले. "उत्तरेकडच्यांना जमिनीचा अंदाजच नसतो. दंडही झाला बिचाऱ्याला."

ओवेनने आ वासला. तेवढ्यात थर्मननी पेकन पाय या गोड पक्वान्नाचा सर्वांत मोठा तुकडा, जो आजवर या घरात दुसऱ्या कोणाच्या बशीत पडल्याचं ऐकिवात नव्हतं, त्याच्यापुढे सरकवला. त्याच्याकडे न बघता.

"खा गपचूप," ते म्हणाले.

ओवेनने खाल्ला. पलीकडच्या खोलीत मेरिडिथ मैत्रिणीला फोनवर सांगत होती की माणसं जोडायला थोडं शास्त्र लागतं, बाकी काही नाही.