अकराव्या क्रमांकाचं गाणं

मी एक रेडिओ आहे. जन्मभर दुसऱ्यांचं बोलणं आणि दुसऱ्यांची गाणी लोकांपर्यंत पोचवली, स्वतःबद्दल चकार शब्द काढला नाही. आज थोडं बोलतो. फार वेळ घेणार नाही.

स्वीडनमधल्या एका मोठ्या तळ्याकाठच्या कारखान्यात मला बनवलं. सागाचं अंग, पुढे जाडसर कापड, दोन पिवळट बटणं. माझ्या तारा जोडणाऱ्या बाईला काम करताना गुणगुणायची सवय होती. तिचा सूर जरा खालीच लागायचा. साधे, घरगुती गळे मला जास्त आवडतात, ते बहुधा तेव्हापासून.

एकोणसत्तर सालच्या हिवाळ्याच्या तोंडाशी होल्गेरने मला विकत घेतलं आणि व्हेर्मलांडमधल्या आपल्या गावी नेलं. होल्गेर लाकडाच्या वखारीत करवतीवर काम करायचा. त्याची बायको मायब्रित शाळेच्या स्वयंपाकघरात होती. मुलगी लिस्बेत सहा वर्षांची. मला जागा मिळाली ती स्वयंपाकघरातल्या फळीवर, कॉफीच्या डब्याशेजारी. खाली भिंतीला टेलिफोन. त्या फळीवर मी तीस वर्षं काढली.

आठवडाभर मी हवामान सांगायचो, बातम्या सांगायचो. कोणी फारसं लक्ष द्यायचं नाही. पण रविवारी यादी लागायची. देशातली त्या आठवड्याची दहा आवडती गाणी, दहाव्यापासून पहिल्यापर्यंत. सगळी आपल्या भाषेतली. तो तास म्हणजे तास. चर्चला जाऊन आलेले आणि चर्चला न गेलेले, दोघंही आपापल्या स्वयंपाकघरात असायचे. त्या वेळात कोणी कोणाला फोन करायचं नाही. केलाच तर समोरचा समजायचा, कोणीतरी गेलं.

गाणारी माणसं फार लांबची नसायची. कोणी पलीकडच्या तालुक्यातला, कोणाची मावशी आपल्या पोस्टात. शेजारची आस्ता यादी ऐकायला आमच्याकडेच यायची, कारण तिचा नवरा गाणं चालू असताना बोलायचा.

"हा चौथ्यावर? ह्याला शाळेत 'गप बस' म्हणायचे," आस्ता म्हणायची.

"तू गप बस. पाचवं राहिलं लिहायचं," मायब्रित म्हणायची. ती दर रविवारी कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे पेन्सिलीने यादी लिहायची आणि पुढच्या रविवारी काय होईल त्याचा अंदाज खाली मांडायची. तिचा अंदाज सहसा चुकत नसे. गावात तिला मान होता तो यासाठी.

होल्गेरचा चार जणांचा बँड होता. तो स्वतः अॅकॉर्डियन वाजवायचा आणि गायचा. उन्हाळ्यात शनिवारी गावोगावच्या बागेतल्या लाकडी मंचावर हे चौघे वाजवायचे आणि लोक जोडीने नाचायचे. चौघांचे आकाशी कोट मायब्रितने शिवलेले. एकाचा हात नेहमी आखूड व्हायचा. तो कोट तबलजीला म्हणजे ड्रमवाल्याला द्यायचे, कारण तो बाह्या वर करूनच बसायचा.

चौऱ्याहत्तर साली होल्गेरने स्वतःचं गाणं लिहिलं. 'गळकी होडी'. लग्नाआधी तो तळ्यापलीकडून होडी वल्हवत मायब्रितकडे यायचा, होडी गळायची आणि तो ओल्या मोज्यांनी तिच्या दारात उभा राहायचा, अशी ती हकिगत. ते कार्लस्टाडला जाऊन ध्वनिमुद्रित केलं, तबकडी रेडिओवर पाठवली. आणि एका रविवारी निवेदक म्हणाला की यादीत येऊ पाहणाऱ्या नव्या गाण्यांत हे एक आहे. मीच ते सांगितलं. आस्ताने कॉफीचा कप बशीच्या बाहेर ठेवला.

"होल्गेर, तू आता आमच्याशी बोलणार ना रे?"

"आधी तरी कुठे बोलत होतो," होल्गेर म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

यादी ठरायची ती अशी. नवी गाणी रविवारी ऐकवायची. मंगळवारी देशभरातल्या निवडक घरांत फोन करून प्रत्येक गाण्याला एक ते पाच गुण विचारायचे. पुढच्या रविवारी निकाल. आपल्याला फोन आला होता हे त्या घरांनी कोणाला सांगायचं नाही, असा नियम.

मंगळवारी संध्याकाळी आमच्याकडचा फोन वाजला. होल्गेर तालमीला गेला होता, लिस्बेत वरच्या खोलीत. मायब्रित बटाटे सोलत होती. एका हातात सुरी तशीच राहिली.

तिने एकेका गाण्याला गुण दिले. हे तीन, हे चार, ते दोन. मग ती थांबली.

"हे एक मला वगळू द्या," ती म्हणाली. "गाणारा माझा नवरा आहे. मी गुण देणं बरं दिसत नाही."

पलीकडची बाई काहीतरी म्हणाली. मला ते ऐकू आलं नाही, पण मायब्रितच्या उत्तरावरून कळलं.

"सोडता येत नाही? मग मोकळं ठेवलं तर शून्य धरणार?" तिने बटाट्याकडे बघितलं. "मग शून्य धरा. दुसरं काय करणार. पाच दिले तर मला रविवारी यादी ऐकता येणार नाही."

आमच्याकडची माणसं अशी आहेत. रांगेत आपल्या भावाला पुढे घेणार नाहीत. घरच्या मुलीचं कौतुक करायचं तर तिला झोप लागल्यावर करतील.

रविवारी दहाही गाणी झाली. होल्गेरचं नव्हतं. सोमवारी वर्तमानपत्रात छापून आलं, 'गळकी होडी' अकराव्या क्रमांकावर. किती गुणांनी हुकलं ते छापलं नव्हतं. मायब्रितने पान दोनदा उलटून बघितलं, मग लाकडाच्या चुलीत घातलं.

होल्गेर म्हणाला, "अकरावं म्हणजे वाईट नाही." मग अंगणात जाऊन त्याने दोन हिवाळे पुरतील इतकी लाकडं फोडली.

जेवताना त्याने तिला विचारलं, "तुला कसं वाटलं होतं गं गाणं?"

आता त्या वेळी तिने कौतुक केलं असतं तर? मंगळवारी शून्य आणि सोमवारी कौतुक, असं तिच्याच्याने होईना. "बरं होतं," ती म्हणाली. "बटाटे घे."

होल्गेरने बटाटे घेतले. त्यानंतर त्याने एकही गाणं लिहिलं नाही. बँड आणखी नऊ वर्षं चालला, पण दुसऱ्यांची गाणी वाजवत. मायब्रित यादी लिहीत राहिली, अंदाज मांडायचं मात्र तिने सोडलं. आस्ताने कारण विचारलं तेव्हा डोळे दुखतात म्हणाली. तिचे डोळे ठणठणीत होते. मला सगळं ठाऊक होतं आणि मला सांगता येत नव्हतं. रेडिओ म्हणून जन्मल्याचं दुःख मला झालं ते एवढ्याचंच.

लिस्बेत मोठी झाली. तिला इंग्रजी गाणी आवडायची. माझ्याकडे बोट दाखवून म्हणायची, "आई, ही बटाटे उकडताना ऐकायची गाणी आहेत." ते खरंच होतं, ती तेव्हाच ऐकायची असत. पुढे बागेतले मंच मोडले. यादीतही परक्या भाषेतली गाणी आली. कोणी भांडलं नाही. फक्त रविवारी त्या तासाला लोक फोन करू लागले. मग घरात नवा छोटा रेडिओ आला आणि मी मागच्या शेडमध्ये गेलो, रंगाच्या डब्यांत. माझ्या एका बटणाला अजून कुंपणाचा लाल रंग आहे.

आज सकाळी शेडचं दार उघडलं. होल्गेर चौऱ्याऐंशीचा, मायब्रित एक्याऐंशीची. घर विकून ती दोघं गावातल्या लहान फ्लॅटमध्ये जाणार आहेत. आवराआवर करायला लिस्बेत आली होती. तीही साठी ओलांडलेली. तिने माझ्यावर फुंकर मारली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं. तारेला नवी पिन जोडून लावलं तर मी बोललो. जरा खरखर आहे, पण बोललो.

"बाबा, आम्ही मैत्रिणी महिन्यातून एकदा जमतो," लिस्बेत म्हणाली. "जुन्या याद्या लावतो. एकूण एक गाणं पाठ निघालं मला. लाज वाटते."

"बटाटे असतात का?" मायब्रितने विचारलं.

"असतात ना. पण ऐका. कोणीतरी 'गळकी होडी' इंटरनेटवर टाकलंय. मैत्रिणी विचारतात, हा माणूस पुढे कुठे गेला? बाबा, तू दुसरं गाणं का नाही लिहिलंस रे?"

होल्गेरने बराच वेळ कॉफी ढवळली. तो साखर घेत नाही.

"घरातच आवडलं नव्हतं," तो म्हणाला. "मग कोणासाठी लिहायचं."

मायब्रित उठून खिडकीशी गेली. परत आली. बसली.

"होल्गेर, त्या मंगळवारी आपल्याकडे फोन आला होता."

"कुठल्या मंगळवारी?"

"त्या. गुण विचारायला." आणि तिने सगळं सांगितलं. बटाटे, सुरी, शून्य.

लिस्बेत म्हणाली, "आई! पन्नास वर्षं?"

"सांगायचं नाही असा नियम होता," मायब्रित म्हणाली.

होल्गेरने चमचा बशीत ठेवला. मला वाटलं, आता उठेल आणि लाकडं फोडायला जाईल. त्या वयात त्याला ते झेपलं नसतं.

"शून्य," तो शेवटी म्हणाला. "तीन तरी द्यायचेस."

"तू माझ्या जागी असतास तर दिले असतेस?"

त्याने विचार केला. तो खोटं बोलत नाही, त्याला वेळ लागतो. "नाही," तो म्हणाला. "पण मी घरी आल्यावर सांगितलं असतं, आवडलं म्हणून."

"ते माझं चुकलं," मायब्रित म्हणाली. "शून्याचं नाही. त्याचं."

"मग आता सांग."

"पाच," ती म्हणाली. "दुसरं कडवं सोडून. त्यात मी दारात रडत बसले होते म्हणालास. मी मासे साफ करत होते."

होल्गेर हसला. खांदे हलेपर्यंत हसला, मग डोळे पुसायला त्याने टेबलावरचं फडकं घेतलं. लिस्बेतने मला बंद केलं आणि आपल्या फोनवर ते गाणं लावलं.

आयुष्यात पहिल्यांदाच मी ह्या घरात नुसता ऐकत बसलो आहे. मायब्रित पेन्सिल शोधते आहे, कारण होल्गेर म्हणतो की दुसरं कडवं अजून दुरुस्त करता येईल. फ्लॅटमध्ये माझ्यासाठी जागा नाही हे मी ऐकलं आहे. परवा जुन्या वस्तूंच्या बाजारात नेणार आहेत. न्या. माझी तक्रार नाही. फक्त मला उचलायच्या आधी त्यांचं कडवं होऊ द्या.